मेसेज पोचला म्हणजे जिवंत

१७ जानेवारी

आई नाही म्हणाली.

डॉक्टरीणबाईंचं बोलणं संपलंही नव्हतं. "ऑपरेशन व्यवस्थित झालंय, पण काखेतल्या दोन गाठींमध्ये आजार सापडलाय, म्हणून सहा केमो –" एवढ्यात आई उठली आणि सवयीने पर्स डाव्या खांद्याला लावायला गेली. टाके अजून ताजे आहेत. चेहरा वाकडा झाला, पण पर्स तिथेच ठेवली.

"कापायचं होतं ते कापू दिलं," ती म्हणाली. "आता विष नको."

बाई शांतपणे म्हणाल्या, विचार करा, पण फार लांबवू नका. महिन्याभरात सुरू व्हायला हवं.

परतताना टॅक्सीत आईने ड्रायव्हरला दोनदा टोकलं. एकदा क्लचवर पाय ठेवून चालवतो म्हणून, एकदा इंडिकेटर दिला नाही म्हणून. सगळा जन्म लोकांना गाडी शिकवण्यात गेला, तिला मागच्या सीटवर बसणं जमत नाही. बाबा खिडकीबाहेर बघत होते. मी फायलीतले कागद तारखेने लावत होते. 

१८ जानेवारी

कारण मावशी. आईची मोठी बहीण. मी शाळेत होते तेव्हा तिला हेच झालं होतं, आणि उपचारांसाठी ती आमच्याकडे राहिली होती. मला आठवतं ते थोडंच आहे – बाहेरच्या खोलीतला पलंग, खाली निळा टब, आणि मी दारात दिसले की घाईघाईने डोक्यावर ओढलेला टॉवेल. शेवटचा डोस संपला आणि दोन महिन्यांत ती गेली. तिचं सगळं आईने केलं.

आज बाबांनी भीत भीत विषय काढला. आई म्हणाली, "ताईशीही असेच गोड बोलायचे सगळे. मरण चुकलं नाही ते नाहीच, वर हाल." मग टीव्हीचा आवाज वाढवला.

२१ जानेवारी

बाबांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "तू त्याच कामात आहेस. तुझं ऐकेल ती."

बाबांचा समज आहे की मी कॅन्सरवर काम करते. मी कॅन्सर झालेल्या माणसांच्या नोंदींवर काम करते. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नोंदणी केंद्रात मी संख्याशास्त्र बघते. रुग्ण मला भेटतात ते वय, गाव, निदानाची तारीख आणि शेवटी जिवंत की मृत, एवढ्यापुरते.

पण योगायोग असा, की सध्या हातात काम आहे ते हेच. स्तनाचा कर्करोग झालेल्या बायकांपैकी पाच वर्षांनी किती जणी जिवंत असतात – मावशीच्या काळात किती, आणि आता किती. एप्रिलच्या परिषदेत आमचे सर, केंद्राचे प्रमुख, ते मांडणार आहेत. मी संथपणे चालले होते. आता नाही.

२९ जानेवारी

मावशीच्या काळात शंभरातल्या बावन्न. आता ऐंशी.

प्रोग्रॅम पुन्हा चालवला. तेच. सरांना दाखवलं तर ते खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत जाऊन आले. लवकर निदान, नवी औषधं, जास्त दवाखाने – सगळं जुळतं. मी जिन्यात थांबून बाबांना फोन केला. मी ऑफिसमधून घरी फोन करत नाही. बाबा आधी घाबरलेच.

३० जानेवारी

आईला सांगितलं. ती गॅलरीत खुर्ची टाकून खाली कोण गाडी कशी लावतंय ते बघत बसली होती.

"ताईच्या वेळी किती म्हणालीस?"

"बावन्न."

"म्हणजे ताई अठ्ठेचाळिसांत गेली."

"हो."

"आणि आता वीसच जातात."

"हो."

"मग त्या विसांत मी नाही, असं कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही. पण अठ्ठेचाळिसांत असण्यापेक्षा विसांत असणं अवघड आहे."

ती हसली. "अवघड गोष्टी मला बऱ्या जमतात." मग म्हणाली, "बघू."

तिचं 'बघू' मला माहीत आहे. शिकाऊ मुलं हायवेवर कधी जायचं विचारतात तेव्हा ती हेच म्हणते.

२ फेब्रुवारी

सकाळी मी बूट घालत होते. आई मागून म्हणाली, "कळव त्या डॉक्टरीणबाईंना. घेते मी. सहाच्या सहा."

कारण तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. मला माहीत होतं. संख्येने काम केलं.

९ फेब्रुवारी

पहिला डोस. औषध लाल रंगाचं. आई नर्सला म्हणाली, "ब्रेक ऑइलसारखं दिसतंय, भेसळ नाही ना?" नर्सला कळलं नाही, शेजारच्या खुर्चीतल्या बाईला कळलं. दोघी हसत होत्या. मी बाहेरच्या बाकावर लॅपटॉप उघडून बसले होते, दार उघडलं की ऐकू यायचं.

निघताना डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "तुमच्याशीही एकदा बोलायचंय, सवडीने –"

"तिला ऑफिसला उशीर होतोय," आई मधेच म्हणाली आणि माझा दंड धरून चालायला लागली.

मला उशीर होत नव्हता. मी रजा घेतली होती.

१२ फेब्रुवारी

तिसऱ्या दिवशी सगळ्यात वाईट. बाबा दारात सरबताचा पेला घेऊन उभे. "थोडं घेतेस?"

"तुम्ही घ्या. आणि जमलं तर माझ्या वाटचं ओकून पण या."

बाबांनी खरंच तो पेला रिकामा केला. काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं.

मी मनात म्हणत होते – ऐंशी. ऐंशी. जपासारखं. असं मी कधी केलेलं नाही.

१६ फेब्रुवारी

काहीतरी चुकतंय.

परिषदेसाठी आलेख काढत होते. निदानानंतर किती काळाने किती बायका उरतात, याची रेषा. ती उतरत जाते. आधी भरभर, मग सावकाश. मावशीच्या काळातली रेषा तशीच आहे. नवीन रेषा दोन वर्षं नीट उतरते आणि मग आडवी होते. टेबलाच्या कडेसारखी सपाट.

सरांना तेच आवडलंय. "बघ, दोन वर्षं काढली की बाई सुटली." मलाही काल सकाळपर्यंत तेच वाटत होतं. मग मी नुसत्या म्हाताऱ्या बायका वेगळ्या काढल्या. निदानाच्या वेळी ऐंशी ओलांडलेल्या. त्यांचीही रेषा आडवी. म्हणजे नव्वदीला टेकलेल्या बायका आमच्या नोंदीत कर्करोगाने मरत नाहीत, हृदयविकाराने मरत नाहीत, म्हातारपणानेही मरत नाहीत.

एवढं चांगलं औषध अजून निघालेलं नाही.

१९ फेब्रुवारी

सापडलं.

आमच्याकडे रुग्णांची खबर घ्यायला एक बाई आहेत. त्यांना सगळं ऑफिस वहिनी म्हणतं. कोणाची वहिनी, ते कोणालाच ठाऊक नाही. पूर्वी त्या घरोघरी फोन करायच्या. काही वर्षांपूर्वी त्यांचं काम यंत्राकडे गेलं. दर सहा महिन्यांनी प्रत्येक रुग्णाच्या नंबरवर मेसेज जातो – 'आपल्या तब्येतीची काळजी घ्या, तपासणी चुकवू नका.' मेसेज पोचला की नोंदीत लागतं: या तारखेला जिवंत.

पोचला की. उत्तर आलं की नव्हे. नुसता पोचला की. पहिली दोनेक वर्षं उपचार चालू असतात, तेव्हाचे मृत्यू दवाखान्याकडून कळतात; पुढे फक्त हा मेसेज.

मी वहिनींना विचारलं, माणूस गेल्यावर घरचे नंबर बंद करतात ना?

"कशाला बंद करतील? सगळ्यांकडे तोच नंबर असतो – गॅसवाला, बँक, शाळा. सासूचा फोन सुनेकडे येतो, बायकोचा नवऱ्याकडे. माणूस जातं, नंबर नांदतो."

"मग तुम्ही हे कोणाला सांगितलं का नाही?"

"मला कोणी सांगितलं होतं, मेसेज पोचला की बाई जिवंत धरतात म्हणून? मला वाटलं, तुम्ही लोक शुभेच्छा पाठवता."

त्यांनी समोरच एक फोन लावला. म्हाताऱ्या गृहस्थांनी उचलला. बायको जाऊन तीन वर्षं झाली म्हणाले. मेसेज येतात, हो. वाचतो. "कोणीतरी अजून तिची चौकशी करतंय, बरं वाटतं."

वहिनींनी फोन ठेवला आणि डोळ्यांवरचा चष्मा पुसला. मी माझ्या जागेवर आले आणि त्या बाईंच्या नोंदीत मृत्यू लिहिला. एक.

२० फेब्रुवारी

सरांच्या खोलीत.

"संख्या वाढली आहे, हे खोटं आहे का?"

"नाही, सर. वाढली आहेच."

"मग झालं. दिशा बरोबर आहे."

"दिशा बरोबर आहे. उंची खोटी आहे."

"किती खोटी?"

"फोन केल्याशिवाय सांगता येणार नाही."

"अगं, ऐंशी निमंत्रणपत्रिकेवर छापून गेलंय. आणि एवढ्या बायकांना फोन कोण करणार?"

"सगळ्यांना नको. चिठ्ठ्या टाकून काही निवडू. त्यावरून अंदाज येईल."

"परिषद झाल्यावर बघू."

तेव्हा मी म्हणाले, "सर, माझी आई या ऐंशीवर औषध घेतेय."

ठरवून म्हटलं नव्हतं. ऑफिसात कोणालाच माहीत नाही. मी कोणाला काही सांगत नाही. सर बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिले. मग म्हणाले, "तीन आठवडे. वहिनींना बरोबर घे. आणि आईंना नमस्कार सांग."

२४ फेब्रुवारी

आई म्हणाली, "तुझं काहीतरी बिनसलंय." मी म्हटलं, काम वाढलंय. "कामाने तुझं असं तोंड होत नाही. कामाने तू खुलतेस." आणि पुन्हा उशीवर पडली.

सांगायला हवं. ती हो म्हणाली ती माझ्या शब्दावर. तो शब्द आता मोडका आहे. पण येत्या शनिवारी दुसरा डोस, आणि पहिल्यातून ती नुकती वर येतेय. आज सांगितलं आणि ती उठून चालू लागली तर? तिला उठून चालू लागताना मी एकदा बघितलंय.

संख्या अजून पक्की नाही. हे खरं आहे. निमित्तही आहे.

२ मार्च

दुसरा डोस. सांगितलं नाही.

५ मार्च

केस गेले. तिने वाट बघितली नाही, बाबांचं दाढीचं यंत्र घेऊन स्वतःच फिरवून टाकलं. मागचं राहिलं होतं ते मी काढलं. मान फार बारीक झाली आहे.

"कशी दिसते?"

"मावशीसारखी," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

"ताईच जरा उजवी होती," आई म्हणाली. टॉवेल डोक्यावर घेतला नाही. दिवसभर तशीच घरात फिरली. शेजारीण आली तेव्हाही. मी आल्यावर तर मुद्दाम दिव्याखाली येऊन बसली.

९ मार्च

वहिनी फोन करतात, मी लिहिते. त्या सरळ 'आहेत का?' असं विचारत नाहीत. आधी नाव, मग घरचं, मग हळूच. तरी काही जण फोन आपटतात. एक मुलगी म्हणाली, "आई झोपली आहे." वहिनी म्हणाल्या, "उठल्यावर करू?" पलीकडे दार लावल्याचा आवाज. मग, "नका करू. नाही ती."

पण काही जणी स्वतःच उचलतात. एकीने ओरडून विचारलं, "कोण मेलंय? मी? कुकर लावलाय मी, ठेवा फोन!" वहिनी आणि मी इतक्या हसलो की शिपाई बघायला आला.

१३ मार्च

सहासष्ट.

पुढे-मागे थोडं धरावं लागेल, पण सहासष्ट. बावन्नहून बराच वर. ऐंशीहून बराच खाली. मावशीच्या काळापेक्षा आज शंभरात चौदा जणी जास्त जगतात. ही लहान गोष्ट नाही. पण मी आईला अठ्ठावीस सांगितल्या होत्या. निम्म्या होत्याच नाहीत.

सर म्हणाले, सहासष्टच मांडू. एकच वाक्य, आणि पत्रिका पुन्हा छापायला दिली.

उद्या आईला सांगणार. तिसऱ्या डोसाच्या आत. मग ती थांबली तर थांबली. खोट्या संख्येवर घेतलेला होकार मला ठेवता येणार नाही.

१४ मार्च

संध्याकाळी सांगितलं. बाबा खाली गेले होते. मी ओळीने सांगितलं – मेसेज, नंबर, म्हातारे गृहस्थ, सहासष्ट.  शिकाऊ माणूस चुकीचा गिअर टाकतो तेव्हा बसते तशी आई बसली होती, गाडी आपोआप बंद पडायची वाट बघत.

मी म्हणाले, "तू ऐंशीवर हो म्हणाली होतीस. ते चुकीचं होतं. आता पुन्हा ठरव. थांबायचं असेल तर मी काही बोलणार नाही."

"तुला वाटतं मी तुझ्या ऐंशीवर हो म्हटलं?"

"मी तीस तारखेला सांगितलं. दोन तारखेला तू हो म्हणालीस."

"आणि मधल्या दिवसांत काय झालं?"

मी तारखा मनात मोजल्या.

"एवढी शिकलीस," आई म्हणाली, "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते, हे नाही शिकवलं तुम्हाला?"

शिकवलं होतं. पहिल्याच वर्षी.

मग तिने सांगितलं. ऑपरेशनच्या वेळी बाईंनी जास्तीचं रक्त घेतलं होतं. बहिणीला झालं, हिला झालं, म्हणून. एकतीस तारखेला त्यांचा फोन आला. दोष रक्तातलाच आहे, पिढीजात. मावशीचं तेव्हा कोणी तपासलं नव्हतं, पण तिच्यातही असणार. आणि आईकडून मुलीकडे जायची शक्यता निम्मी.

 निम्मी. या संख्येत कुठलीच चूक नाही. ती मला बहुधा आईच्या आधीपासून माहीत होती. मावशी, मग आई – शिकलेल्या कोणालाही दिसेल. मी आजवर या वहीतसुद्धा ते लिहिलेलं नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर औषधासाठी तू माझ्या मागे लागली असतीस, की तपासणीसाठी मी तुझ्या? आणि कोणत्या तोंडाने सांगू? स्वतः पर्स उचलून निघालेली मी." तिने डोक्यावरून हात फिरवला. "ताईचं बघितलं म्हणून मी पळत होते. दुसरं काही बघितलंच नव्हतं. उद्या तुझ्यावर पाळी आली तर तू काय बघितलेलं असशील – आई उठून गेली, हे? अर्धे डोस होऊ देत, मग सांगू म्हटलं. सहासष्ट काय, तू सहा म्हणाली असतीस तरी मी घेतलेच असते."

"सहा असते तर मी घेऊ दिले नसते."

"तेही खरं," ती म्हणाली. "ऐंशी ऐकायला मात्र छान वाटलं होतं. ती एक रात्र नीट झोपले."

बाबा आले. आईने त्यांना विचारलं, दूध आणलंत का. ते विसरले होते.

१५ मार्च

तिला राग आला नाही. मला आलाय. कोणावर, ते ठरत नाही.

२१ मार्च

आज रक्त दिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जमेल तेवढं विचारा. मी सगळं विचारलं – दोष असला तर आयुष्यभरात किती जणींना आजार होतो, तपासण्या कोणत्या, किती लवकर सापडला तर काय. त्या उत्तरं देत होत्या आणि मी प्रत्येकाला मनात विचारत होते: हे कसं मोजलं? मोजण्यातून कोण सुटलं?

शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही रुग्णासारखं विचारत नाही."

मी म्हणाले, "अजून नाही."

२३ मार्च

तिसरा डोस. मी बाकावर.

५ एप्रिल

परिषद झाली. एका मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, पहिल्या पत्रिकेत तर तुम्ही याहून वरची संख्या दिली होती. सर म्हणाले, "तेव्हा आम्ही टेलिफोनला विचारत होतो. आता माणसांना विचारलं." लोक हसले. वहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्यांना सरांनी मुद्दाम बसवलं होतं. त्या हसल्या नाहीत.

मी मागच्या भिंतीशी उभी होते. पडद्यावर दोन रेषा. नवीन रेषा आता शेवटपर्यंत उतरते, नीट, पण जुनीच्या वर राहून. मी दोन रेषांमधली जागा बघत होते. दरवर्षी जराशी रुंद होत गेलेली.

११ एप्रिल

रिपोर्ट आला. माझ्यातही आहे.

असणं म्हणजे आजार होणं नव्हे – हे वाक्य मी आईसाठी तयार करून नेलं होतं. तिने ते पुरं होऊ दिलं नाही. जवळ सरकली. म्हणाली, "परवा चौथ्या डोसाला बाहेर बसू नकोस. आत ये. माझ्या शेजारी बसून सगळं नीट बघून घे."